सही एकाची, निर्णय कोणाचा?

बँकेत नोकरी करणाऱ्याच्या घरी बदलीचा कागद आला, की मुलांच्या शाळेपासून म्हाताऱ्या आईच्या औषधपाण्यापर्यंत सगळ्याचा नव्याने विचार करावा लागतो. त्या कागदावर सही कर्मचारी विभागाच्या मॅनेजरची असते. पण निर्णय त्याचा एकट्याचा असतो का?

स्वातंत्र्याच्या सुमारास बहुतेक बँका खासगी होत्या. पगार, बढती, कारवाई असं बरंच काही वरिष्ठांच्या मर्जीवर चाले. कर्मचारी संघटना झगडल्या. १९५३ साली शास्त्री न्यायाधिकरणाचा, १९६२ साली देसाई न्यायाधिकरणाचा निवाडा आला. १९६६ मध्ये पहिला द्विपक्षीय करार झाला. त्यात शिस्तभंगाच्या कारवाईचीही रीत ठरली. मॅनेजरच्या टेबलावर आता नियमांचं पुस्तक आलं.

१९६९ मध्ये १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. तेव्हा देशात व्यापारी बँकांच्या सुमारे ८ हजार शाखा होत्या. १९९१ पर्यंत त्या ६० हजारांवर गेल्या. एवढ्या पसाऱ्यात मॅनेजर प्रत्येकाला ओळखणार कसा? नियमामुळे वशिल्याला आळा बसला, हे खरंच. पण पुस्तकात बोट ठेवून 'नियमात बसत नाही' म्हणणंही सोपं झालं.

२००० साली सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्ती योजना आली. १५ वर्षं नोकरी किंवा वयाची चाळिशी पूर्ण झालेल्यांना अर्ज करता येई. सुमारे १ लाख माणसं बाहेर पडली. काहींनी अर्ज दिला आणि मग त्यांचं मन बदललं. योजना म्हणे, एकदा दिलेला अर्ज मागे घेता येणार नाही. अर्ज स्वीकारायचा की नाही, हे मात्र बँक ठरवणार! 'स्वेच्छा' नेमकी कोणाची, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. २००२ मध्ये न्यायालयाने राष्ट्रीयीकृत बँकांच्या बाबतीत सांगितलं, की बँकेने स्वीकारण्यापूर्वी अर्ज मागे घेता येतो. ज्यांनी योजनेचे पैसे घेऊन वापरले, त्यांना मात्र ही वाट बंद झाली.

मर्जीकडून नियमाकडे, असा हा प्रवास. तो आवश्यकच होता. पण नियम माणसाची अडचण ऐकून घेत नाही. ती सही करणाऱ्यालाच ऐकावी लागते. त्या खात्याला आता एचआर म्हणतात. पाटी बदलली, तरी ऐकून घेण्याचं काम तेच आहे.