पऱ्हाटीपासून इथेनॉल कसं तयार होतं? जालन्याशी त्याचा संबंध काय?

कापसाची शेवटची वेचणी झाली की जालना जिल्ह्यातल्या शेतांमध्ये पऱ्हाट्या उभ्या राहतात. थोड्या चुलीसाठी घरी येतात, बाकीच्या अनेकदा बांधावर पेटवल्या जातात. याच पऱ्हाट्यांपासून गाडीचं इंधन बनू शकतं. कसं, ते समजून घेऊ.

संशोधन कुणाचं?

मुंबई विद्यापीठाचा रसायन तंत्रज्ञान विभाग, म्हणजेच 'यूडीसीटी', १९३३ मध्ये सुरू झाला. २००८ मध्ये त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तीच आजची इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी (आयसीटी). संस्थेचा मराठवाडा परिसर २०१८ पासून जालन्यात आहे. पिकांच्या अवशेषांपासून इथेनॉल बनवण्याचं तंत्रज्ञान मात्र मुंबईतल्या डीबीटी-आयसीटी केंद्रात विकसित झालं. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाचं त्याला पाठबळ होतं.

प्रक्रिया काय आहे?

उसाच्या मळीत साखर तयार असते, त्यामुळे ती थेट आंबवता येते. पऱ्हाटीतही साखर असते, पण ती सेल्युलोजच्या लांब साखळ्यांमध्ये अडकलेली असते. त्या साखळ्यांना लिग्निन नावाचा चिवट पदार्थ घट्ट धरून ठेवतो. पऱ्हाटी लाकडासारखी टणक असते ती यामुळेच.

• आधी पऱ्हाटी बारीक करून रसायनं आणि उष्णतेच्या मदतीने ही पकड सैल करतात.
• मग एन्झाइम, म्हणजे विकरं, सेल्युलोज तोडून त्याची साखर करतात.
• शेवटी यीस्ट ती साखर आंबवतं आणि इथेनॉल तयार होतं.

उरलेलं लिग्निन बॉयलरमध्ये जाळता येतं. अशा इंधनाला दुसऱ्या पिढीचं, म्हणजेच 'टू-जी' इथेनॉल म्हणतात.

प्रत्यक्षात हे कुठे झालं?

एप्रिल २०१६ मध्ये उत्तराखंडमधल्या काशीपूर इथे या तंत्रज्ञानावर आधारित प्रात्यक्षिक प्रकल्पाचं उद्घाटन झालं. त्याची क्षमता होती रोज १० टन अवशेषांची. भाताच्या पेंढ्यापासून पऱ्हाटीपर्यंत वेगवेगळा कच्चा माल चालेल, अशी त्याची रचना होती.

शेतकऱ्याला काय फायदा?

देशात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा २०२५ मध्ये गाठला गेला. हे इथेनॉल मुख्यतः ऊस, मका आणि तांदळापासून येतं. उसाला भरपूर पाणी लागतं आणि जालन्यात पाण्याचीच टंचाई. पऱ्हाटीला वेगळं पाणी, वेगळी जमीन लागत नाही.

दुसरा मुद्दा गुलाबी बोंडअळीचा. शेतात राहिलेल्या पऱ्हाट्यांवरच्या किडक्या बोंडांमध्ये अळी तग धरते. म्हणून फरदड घेऊ नका, पऱ्हाट्या वेळेत काढा, असा कृषी विभागाचा सल्ला असतो. पऱ्हाटीला भाव मिळाला, तर ती वेळेत काढायला कारणही मिळेल.

मग अडचण कुठे आहे?

पऱ्हाटी वजनाला हलकी असते आणि जागा मात्र खूप खाते. ती उपटणं, बारीक करणं आणि गावोगावहून कारखान्यापर्यंत नेणं यात मोठा खर्च होतो. शिवाय विकरं महाग आहेत आणि कापसाचा हंगाम काही महिन्यांचाच असतो. त्यामुळे प्रयोगशाळेतलं उत्तर सापडलं असलं, तरी शेतकऱ्याला मजुरी वजा जाता चार पैसे उरतील असा भाव मिळणार का, यावर सगळं अवलंबून आहे.