बचाव प्रशिक्षक, महाविद्यालयीन कबड्डी (खानदेश)

महाविद्यालयीन कबड्डी संघाच्या बचावाची, म्हणजे चढाईला आलेल्या प्रतिस्पर्ध्याला पकडून मध्यरेषेपलीकडे परत जाऊ न देण्याच्या कौशल्याची, बांधणी करणारा मार्गदर्शक. अमेरिकेतील विद्यापीठीय फुटबॉलमध्ये बचावाच्या बांधणीचे काम स्वतंत्र, पगारी आणि प्रतिष्ठेच्या पदाकडे असते. व्हर्जिनिया टेक या विद्यापीठात बड फॉस्टर यांनी १९९५ ते २०१९ या काळात बचावाची धुरा सांभाळली आणि सर्वोत्तम साहाय्यक प्रशिक्षकासाठी दिला जाणारा ब्रॉयल्स पुरस्कार त्यांना २००६ मध्ये मिळाला. जळगाव व धुळे जिल्ह्यांतील महाविद्यालयांत मात्र कबड्डीच्या बचावासाठी वेगळे पद नसते. शारीरिक शिक्षण व क्रीडा संचालक हे काम ॲथलेटिक्स, खो-खो, व्हॉलिबॉल अशा इतर खेळांच्या जोडीने करतो, त्यामुळे येथील बचाव प्रशिक्षकाची कारकीर्द म्हणजे बहुधा या संचालकाचीच कारकीर्द होय.

या पदावर येण्याची वाट विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनी आखून दिली आहे. शारीरिक शिक्षणातील पदव्युत्तर पदवी किमान ५५ टक्के गुणांसह, त्यासोबत नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा अथवा पीएच.डी., आणि शिवाय शारीरिक क्षमता चाचणी अशा अटी असून, या चाचणीत तीस वर्षांपर्यंतच्या पुरुष उमेदवाराला १२ मिनिटांत १,८०० मीटर, तर त्याच वयोगटातील महिला उमेदवाराला ८ मिनिटांत १,००० मीटर अंतर पार करावे लागते. खेळाचे खास प्रशिक्षण मात्र या पदव्यांत फारसे मिळत नाही. ते पतियाळा येथील राष्ट्रीय क्रीडा संस्थेच्या प्रशिक्षण पदविकेत मिळते; १९६१ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने कबड्डीचा समावेश १९७१ मध्ये केला. पदविका घेतलेला आणि न घेतलेला संचालक यांच्यातील फरक चढाईच्या सरावात एक वेळ झाकला जातो, पकडीच्या सरावात तो लपत नाही.

याचे कारण खेळाच्या रचनेत आहे. चपळाई आणि हुलकावणी ही चढाईपटूची अंगची देणगी असू शकते. बचाव हा मात्र सात जणांनी एकाच क्षणी घ्यायचा निर्णय असल्याने तो शिकवूनच येतो. पुरुषांच्या १३ × १० मीटरच्या मैदानात प्रत्येक बाजूला साडेसहा मीटर लांबीचे अंगण मिळते. मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर निदान रेषा असते, जी चढाईपटूने ओलांडणे किंवा गडी बाद करणे बंधनकारक असते. तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा असते. बोनस रेषेमागे अंतिम रेषेपर्यंत केवळ १.७५ मीटरची पट्टी उरते आणि दोन टोकांचे कोपरारक्षक सामान्यतः याच पट्टीत उभे राहून घोट्याची किंवा मांडीची पकड आरंभतात. त्यांच्या आतल्या बाजूचे मध्यरक्षक, ज्यांना खेळाडू सर्रास ‘कव्हर’ म्हणतात, वाट अडवतात किंवा धडक देऊन चढाईपटूला मैदानाबाहेर काढतात. शेजारचे दोघे हात धरून घेरतात ती साखळी. कोपऱ्याने पकड टाकली आणि कव्हर अर्धा क्षण उशिरा आला, तर एका गुणाऐवजी दोन गडी बाद होतात. म्हणून प्रशिक्षकाचा बहुतेक वेळ पकडीच्या ताकदीपेक्षा तिच्या वेळेवर खर्च होतो. मैदानात तीन किंवा त्यांहून कमी गडी उरले असता केलेल्या पकडीला, म्हणजे अव्वल पकडीला, एक जादा गुण मिळतो आणि दुबळ्या संघाला सामन्यात परत आणण्याची ती हमखास जागा आहे.

मातीच्या मैदानावर घडलेला खेळाडू मॅटवर आला की पायांतील बूट आणि पृष्ठभागाची पकड बदलते, आणि मातीवर घसरून केलेली घोट्याची पकड तशीच साधत नाही. ग्रामीण महाविद्यालयांच्या प्रशिक्षकाला ही अडचण खरी जाणवते ती संघ बाहेर गेल्यावर.

आजच्या जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील महाविद्यालये १५ ऑगस्ट १९९० पर्यंत पुणे विद्यापीठाशी जोडलेली होती; त्या दिवशी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले आणि २०१८ मध्ये त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. त्यामुळे जळगावचे मूळजी जेठा, अमळनेरचे प्रताप यांसारख्या जुन्या महाविद्यालयांतील खेळाडूंना स्वतःच्या विद्यापीठाच्या संघात जागा मिळू लागली. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांतून निवडलेला हा संघ पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत आणि राज्यातील विद्यापीठांच्या ‘अश्वमेध’ क्रीडा महोत्सवात उतरतो. निवडीनंतरच्या शिबिरात वेगवेगळ्या महाविद्यालयांचे कोपरे आणि कव्हर प्रथमच एकत्र येतात, आणि एकमेकांच्या सवयी ओळखायला त्यांना जे थोडे दिवस मिळतात ते बचावासाठी अपुरेच असतात.

२०१४ मध्ये सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीगने पकडपटूला मोल आणि नाव दिले. कल्याणचा डावा कोपरारक्षक गिरीश इरनक तेथे गाजला आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत भारतीय संघातही होता. प्रशिक्षकाच्या वाट्याला मात्र त्यातले थोडेच आले. आयोगाच्या पदोन्नतीच्या निकषांत उपस्थिती, स्पर्धांचे आयोजन, बाहेरच्या स्पर्धांतील सहभाग आणि क्रीडा सुविधांची वाढ यांची नोंद होते; संघाने किती पकडी यशस्वी केल्या याचा रकाना त्यात नाही.