काच कोण शिकवणार?

दिवाळीत वाशिमला मामांकडे गेलो होतो. गप्पांचा विषय एकच, गावात आलेलं मेडिकल कॉलेज. ९ ऑक्टोबर २०२४ला राज्यातल्या दहा सरकारी मेडिकल कॉलेजांचं एकदम उद्घाटन झालं, त्यात वाशिमही होतं. सगळं ऐकून मामा म्हणाले, "डॉक्टर होतीन पोट्टे. पन काच कोन शिकवीन?"

काच म्हणजे स्लाइड. मामांचं आयुष्य लॅबमध्ये गेलं. हाताखाली कित्येक पोरं शिकली, पण मामांना 'सर' कधी कोणी म्हटलं नाही. त्यांचा पहिला धडा ठरलेला, "घाई केली त काच बी खोटं बोलते." थेंब केवढा घ्यायचा, दुसरी काच किती तिरपी धरायची, हे पुस्तकात वाचून हाताला येत नाही. कुणीतरी शेजारी उभं राहून दाखवावंच लागतं.

आपल्या भागात या दाखवण्याला इतिहास आहे. वाशिम जिल्हा झाला १ जुलै १९९८ला, त्याआधी आपण अकोल्यात. अकोल्याचं सरकारी मेडिकल कॉलेज २००२चं. मामांच्या तरुणपणी शिकायचं म्हणजे नागपूर. तिथलं कॉलेज १९४७ सालचं. नागपूरच्याच शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ साली 'लॅन्सेट'मध्ये मध्य भारतातल्या सिकल सेलबद्दल लिहिलं. विदर्भाच्या घराघरातलं दुखणं असं कागदावर आलं.

गंमत म्हणजे, ज्याच्यात हा दोष फक्त वाहक म्हणून असतो त्याची साधी काच बहुधा अगदी नॉर्मल दिसते. रक्तात सोडियम मेटाबायसल्फाइट मिसळून, हवा लागू न देता थांबावं लागतं. प्राणवायू कमी झाला की पेशी विळ्यासारख्या वाकतात. थांबायचं कसं, हे न शिकलेला माणूस 'निगेटिव्ह' लिहून मोकळा होतो, आणि पुढे दोन वाहकांचं लग्न लागतं.. शिकवणाऱ्याची किंमत इथे कळते.

मामेबहिणीने मात्र शिकवायचंच ठरवलं. मेडिकल मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी., मग पीएच.डी. तेवढ्यात २०२०चे नियम आले आणि मेडिकल कॉलेजात तिच्यासारख्यांना या विषयाचं दार जवळजवळ बंद झालं. ती काही वर्षं खाजगी लॅबमध्ये रिपोर्ट तपासत बसली. जुलै २०२५च्या नियमांनी दार पुन्हा उघडलं. मधली वर्षं कोण परत देणार?

२०२१च्या कायद्याने लॅबच्या व्यवसायाला शिक्षणाचा दर्जा आणि नोंदणी यांची चौकट दिली, हे चांगलंच झालं. मामांच्या वेळी तीही नव्हती.

असो. निघताना बहीण अर्ज भरत होती. मामा मागून म्हणाले, "अनुभवात लिव, बापाजवळ शिकली." तसा रकाना अर्जात नव्हता.

तुमच्या घरी असे बिनपदवीचे मास्तर असतील तर जरूर लिहा.