आमच्या गावचा परदेशी किराणा

जगाच्या बाजारपेठेत मुकुटबन कुठं बसतं, असं विचारलं तर पुष्कळ लोक आधी मुकुटबनच कुठं बसतं ते विचारतील. म्हणून सांगून टाकतो. यवतमाळ जिल्हा, झरी-जामणी तालुका, वणीहून आदिलाबादकडे जाणाऱ्या रेल्वेवर. गावाच्या आसपास कोळसा निघतो, चुनखडी निघते, २०२२ पासून मोठ्या कारखान्यातून सिमेंट निघतं, आणि संध्याकाळी बँकेच्या शाखेतून कापडी पिशवी घेऊन अस्मादिक निघतात. पहिल्या तिन्हींची सरकारदरबारी नोंद आहे. चौथ्याची नोंद फक्त घरी असते, आणि ती चिठ्ठीच्या स्वरूपात.

ही चिठ्ठी गेली कैक वर्षं एकच होती. तूरडाळ, साखर, चहापत्ती, हिंग, साबुदाणा. सौ. नुसती तारीख बदलायची. पण यंदा होळीला पुण्याचा भाचा मुक्कामाला आला, त्यानं मामीला मोबाइलवर काहीबाही परदेशी स्वयंपाक दाखवला, आणि चिठ्ठीत ऑलिव्ह तेल, ऑरिगॅनो, पास्ता आणि फ्लॅक्स सीड्स अशी चार नावं वाढली. चारही नावं सौ.नं देवनागरीत लिहिली होती, त्यामुळे ती शेटजींना वाचता आली, एवढंच. चष्मा कपाळावर सरकवून शेटजी म्हणाले, "सायेब, परदेशी सामान आपल्या इथं नाई ठेवत. वणीले भेटून जाईल. नाई तं नागपूर, इतवारी."

हे सांगताना त्यांचा हात ज्या डब्यावर विसावला होता, तो हिंगाचा होता.

बी.कॉम.च्या पदवीनं मला आयुष्यात फारसं काही दिलं नाही, पण समोर दिसेल तो माल कुठून आला हे विचारायची खोड मात्र लावली. आता हिंगच घ्या. आपल्या वरणाच्या फोडणीत हिंग पडतो तो अफगाणिस्तान, इराण आणि उझबेकिस्तानातून येतो. वर्षाला बाराशे टनांच्या आसपास कच्चा हिंग आपण विकत घेत आलो. तो हाथरससारख्या ठिकाणी पीठ आणि डिंक मिसळून माणसाळवला जातो आणि मग डबीत बसतो. भारतात हिंगाचं रोप शास्त्रशुद्ध रीतीनं पहिल्यांदा लावलं गेलं ते १५ ऑक्टोबर २०२० रोजी, हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यात, क्वारिंग नावाच्या गावी. म्हणजे आमच्या पणजीनं आयुष्यभर वरणाला जी फोडणी दिली ती संपूर्ण आयात मालावर दिली. तिला कुणी 'आज्जी, तुम्ही इंटरनॅशनल कुकिंग करता' असं सांगितलं असतं, तर तिनं सांगणाऱ्याच्या नावानं मोहरी-मीठ ओवाळून चुलीत टाकलं असतं.

हा माल इथवर पोचत कसा असे, हा खरा कौतुकाचा भाग. रेल्वे मुंबईहून नागपूरला पोचली १८६७ साली. त्याआधी आमच्या मुलखाची सगळी मदार बैलांच्या पाठीवर. बंजाऱ्यांचे तांडे किनाऱ्याकडून मीठ घेऊन यायचे आणि इकडचं धान्य घेऊन जायचे. त्यांना लमाण म्हणतात ते लवणावरून, अशी एक व्युत्पत्ती सांगतात. ती खरी असो की नसो, चवीला बरी आहे. शेकडो बैल, प्रत्येकाच्या पाठीवर गोण्या, मागे बायामुलं, कुत्री. पावती नाही, विमा नाही, आणि बँकेचं साखपत्र तर नाहीच नाही. आमच्या शाखेत आज एक साखपत्र उघडायचं झालं तर सतरा सह्या लागतात. एवढ्या वेळात तांडा किनाऱ्यावर जाऊन परत आला असता.

बँकेचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. आमचा अख्खा वऱ्हाड हाच एकेकाळी कर्जापोटी तारण पडलेला आहे. निजामाकडे इंग्रजांच्या फौजेचा खर्च थकला, म्हणून १८५३ साली त्यानं वऱ्हाड त्यांच्या हवाली केला. कर्जखातं एकोणपन्नास वर्षं लोंबकळलं आणि १९०२ साली कर्झनसाहेबानं वर्षाला पंचवीस लाख रुपये देण्याच्या बोलीवर मुलूख कायमच्या पट्ट्यानं घेऊन टाकला. तारण गिळून वर घरमालकाला भाडं देणारा असा सावकार मी आमच्या व्यवसायात दुसरा पाहिला नाही. याचा किराण्याशी संबंध असा, की पैनगंगेच्या अलीकडे इंग्रजी अंमल आणि पलीकडे आदिलाबादेत निजामाचा. तिकडे संस्थानाची स्वतःची जकात, स्वतःचं हाली नाणं. १९४८ पर्यंत नदीपलीकडून मिरचीचं पोतं आणायचं म्हणजे कायद्यानं जवळजवळ परदेशातूनच आणायचं. पलीकडची सोयरीक मात्र बिनजकातीची होती.

मिरची म्हटली की इकडच्या माणसाची छाती फुगते. सावजी रस्सा, भिवापुरी मिरची, ही आमची ओळख. ती फुगू द्यावी, पण मिरची अमेरिकेची आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी ती गोव्याच्या किनाऱ्यावर उतरवली. त्याआधी इथला तिखटपणा काळ्या मिऱ्यांवर भागत होता. मिऱ्याच्या नात्यातलंच नाव देऊन आपण तिला घरात घेतलं आणि मग ती आपल्याच घरात मोठी झाली. परका माल पचवायची आपली पद्धतच ही. आधी नाव मराठी करायचं. पोर्तुगिजांचं 'बटाटा' आणि 'काजू' तर आपण नावासकट घेतलं आणि दोन पिढ्यांत पूर्वापारचं म्हणून सांगायला लागलो.

पण या सगळ्या आयात मालाचा खरा दरबार भरतो तो आषाढी एकादशीला. साबुदाण्याची खिचडी, त्यात बटाटा, शेंगदाणा, मिरची. जोडीला रताळ्याचा कीस, राजगिऱ्याचा लाडू. यातला बटाटा अमेरिकेचा, शेंगदाणा अमेरिकेचा, मिरची, रताळं आणि राजगिरा तिकडचेच. साबुदाण्याचा कसावा कंद ब्राझीलकडचा. पांडुरंगासमोर आपण कोलंबसाचा पंक्तिप्रपंच मांडतो. आणि जी तूर आणि जे वांगं याच मातीत माणसानं पहिल्यांदा पिकवलं, ती दोघं त्या दिवशी दाराबाहेर उभी! शास्त्रात या वस्तूंना मनाई नव्हती याचं कारण उघड आहे. शास्त्रकारांना त्या माहीतच नव्हत्या. आमच्या बँकेतही परिपत्रकात ज्याचा उल्लेख नाही ते चालतं असंच आम्ही धरून चालतो.

साबुदाण्याची कथा तर स्वतंत्रच आहे. मूळचा साबुदाणा मलायाकडच्या एका ताडजातीच्या झाडाच्या गाभ्याचा. तो बोटीनं यायचा. दुसऱ्या महायुद्धात जपाननं मलाया-सिंगापूर घेतलं आणि उपासवाल्यांची रसद तुटली. तेव्हा १९४३ च्या सुमारास तमिळनाडूतल्या सेलमच्या लोकांनी कसाव्याच्या पिठाचे दाणे पाडायला घेतले. तो धंदा असा बसला की आज देशभरची एकादशी सेलमवर चालते. हिटलरमुळे कुणाचं भलं झालं नाही असं म्हणतात, पण तोजोमुळे सेलमचं झालं.

आणि या खिचडीत मीठ कुठलं? सोवळ्याच्या घरात सैंधव. म्हणजे सिंधूकाठचं. शतकानुशतकं ते खेवड्याच्या खाणीतून आलं, आणि ती खाण फाळणीत पाकिस्तानात गेली. म्हणजे उपास आपला, देव आपला, आणि मीठ शेजाऱ्याचं. २०१९ च्या फेब्रुवारीत तिकडच्या मालावर दोनशे टक्के जकात बसली आणि मे २०२५ मध्ये आयातच बंद झाली. अळणी खिचडीवर त्या आठवड्यात आमच्या शाखेत झालेली चर्चा परराष्ट्र खात्यानं ऐकायला हवी होती.

किराण्याच्या पुडीत राजकारण शिरायची ही काही पहिली वेळ नव्हे. १९३७ साली झांजिबारच्या सरकारनं लवंगेची खरेदी तिथल्या एका मक्तेदार संघाच्या हाती दिली आणि पिढ्यान् पिढ्या तिथं लवंगेचा व्यापार करणारे हिंदी व्यापारी उघडे पडले. काँग्रेसनं झांजिबारच्या लवंगेवर बहिष्कार पुकारला. हिंदुस्थान हा त्या लवंगेचा मोठा गिऱ्हाईक. मुंबईच्या गोदीत माल अडला, आणि मे १९३८ मध्ये तडजोड झाली. विलायती कापडाची होळी सगळ्या पाठ्यपुस्तकांत आहे. लवंगेचा सत्याग्रह मात्र कुठल्या धड्यात नाही, याचं मला फार वाईट वाटतं. कापड सोडणं एक वेळ सोपं. बिनलवंगेचा मसालेभात खाऊन देशप्रेम टिकवणं याला अंगात पाणी लागतं.

चांगलं किराणा दुकान कसं ओळखावं, असं मला बदलीवर येणारे नवे सहकारी विचारतात. कारखान्यामुळे गावात राजस्थानपासून आंध्रापर्यंतची माणसं आली आहेत, प्रत्येकाला आपल्या घरची चव हवी असते. त्यांना मी सांगतो, पाटी पाहू नका, लवंग पाहा. टोपी शाबूत असलेली लवंग नखानं दाबावी. तेल सुटलं तर दुकानदार सज्जन. नुसता भुसा निघाला तर तिचा अर्क आधीच कुणीतरी काढून घेतलेला आहे. आणि सीलबंद पुडी असेल तर पाठीमागचा बारीक मजकूर वाचावा. आयात मालावर मूळ देश छापावाच लागतो. वेलदोड्यावर ग्वाटेमाला, बदामावर अमेरिका. मला हे वाचायचा नाद आहे. शेटजींचं दुकान म्हणजे माझा भूगोलाचा तास.

आता पास्ता आणि ऑलिव्ह तेल. त्यांच्यावर माझा वैयक्तिक राग नाही. मी बी.कॉम.ला असताना, १ एप्रिल २००१ रोजी, भारतानं आयातीवरची उरलीसुरली संख्येची बंधनं उठवली. सातशे पंधरा वस्तू एका दमात मोकळ्या झाल्या. आमच्या प्राध्यापकांनी त्यावर दोन तास घेतले आणि आता देश बुडणार असं भाकीत केलं. देश बुडला नाही. मिरची आली तेव्हाही गोव्यात कुणीतरी असाच तास घेतला असणार. शंभर वर्षांनी ऑरिगॅनो एकादशीला चालतो की नाही यावर वाद होतील, एवढंच.

मला खटकतं ते दुसरंच. आमचे वडील १९७२ च्या दुष्काळाची गोष्ट सांगत. अमेरिकेतून लाल मिलो आली, रेशनवर मिळाली. तिकडे ती जनावरांना घालतात हे ऐकूनसुद्धा लोकांनी तिच्या भाकरी थापल्या, कारण ज्वारीच्या मुलखात ज्वारी उरली नव्हती. तो दुष्काळ होता, इलाज नव्हता. पण आज पाऊस पडूनही शिवारात ज्वारी शोधावी लागते. कापूस आहे, सोयाबीन आहे, ज्वारी बांधाकडेला. तुरीचं तर विचारू नका. विदर्भ तुरीचा मुलूख, आणि २०१६ साली सरकारनं मोझांबिकशी करार केला, वर्षाला एक लाख टनांपासून पुढं दोन लाख टनांपर्यंत डाळ आणायचा. मोझांबिकच्या शेतकऱ्याचं भलं होवो. पण चांगल्या सालात आमच्याच खातेदाराची तूर बाजार समितीत भावाविना पडते, आणि पीककर्जाचा हप्ता मागायला नोटीस घेऊन त्याच्या दारात मलाच जावं लागतं. तो पाणी देतो, चहा देतो. चहाबरोबर बोलणं फार होत नाही.

जवसाचीही तीच गत. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी वऱ्हाड-मध्यप्रांतातून जवसाची पोती मुंबईमार्गे विलायतेला जात आणि साहेब त्याच्या तेलात रंग कालवून खिडक्या रंगवी. उरलेल्या जवसाची आमच्याकडे चटणी व्हायची. पुढे साहेब गेला, शेतातला जवस गेला, आणि दुकानातूनही तो कधी उठला ते कळलं नाही.

भाच्याचा मुक्काम वाढला तेव्हा सौ.नं त्याला माझ्याबरोबर आठवडी बाजारात धाडलं. बाजाराच्या शेवटच्या टोकाला, पोडावरून आलेल्या एक आजीबाई फडकं पसरून बसल्या होत्या. फडक्यावर थोडी बरबटी, थोडी अंबाडीची भाजी आणि एक तपकिरी, चकचकीत ढीग. भाचा त्या ढिगासमोर एकदम उकिडवा बसला.

"मामा, फ्लॅक्स सीड्स! पुण्याला एवढ्याशा पाकिटाला केवढे पैसे पडतात माहीत आहे?"

आजीबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"जवस व्हय बाप्पा," त्या म्हणाल्या. "घरचाच हाय. मापटंभर देऊ काय तुमच्या पोराले?"

भाच्यानं खिशातून मोबाइल काढला. कोड कुठं आहे, म्हणून तो फडक्याच्या चारी बाजूंना पाहू लागला. मी पिशवी उघडून धरली. सुटे पैसे माझ्याकडे होते.