गालिच्याच्या दशा
हाताने गाठी मारून विणलेल्या गालिच्याच्या दोन्ही टोकांना लोंबणाऱ्या धाग्यांना दशा म्हणतात. ही ताण्याचीच, म्हणजे उभ्या धाग्यांचीच, टोके होत. आडवा बाणा आणि लोकरीच्या गाठी ताण्यावरच टिकतात. भदोही-मिर्झापूरच्या पुष्कळ गालिच्यांत लव लोकरीची, पण ताणा सुती असतो. सफाईतील बहुतेक घोटाळे याच फरकातून होतात. अल्कधर्मी साबण नीट न निघाल्यास किंवा ओल फार वेळ राहिल्यास सूत तपकिरी पडते. शिवाय लोकरीचा कच्चा रंग पांढऱ्या दशांवर उतरतो. म्हणून त्या वेगळ्या, मऊ ब्रशने बाहेरच्या दिशेने धुतात आणि सपाट पसरून लवकर वाळवतात. क्लोरीनचे ब्लीच सूत कमजोर करते. लोकरीचा तर ते नाशच करते. व्हॅक्यूमचा फिरता ब्रशही दशा ओढून तोडतो.

दशा झिजल्या की बाणा सुटतो व गाठी निसटू लागतात. अशा वेळी शेवटची शाबूत ओळ मजबूत दोऱ्याच्या टाक्यांनी बांधून घेतात. तयार झालर वरून शिवल्याने झीज थांबत नाही, फक्त झाकली जाते. यंत्रावर विणलेल्या अनेक गालिच्यांत मात्र झालर मुळातच शिवलेली असते. ती उसवून बदलता येते.