म्हातारपणाची पुंजी आणि दोन देशांचा टॅक्स

आमच्या गोतावळ्यात हल्ली दोन प्रकारचे फोन येतात. एक तिकडे स्थायिक झालेल्यांचा : "पीपीएफचं व्याज टॅक्स फ्री असतं ना, मग अमेरिकेत का दाखवायचं?" दुसरा परत यायचा विचार करणाऱ्यांचा : "माझ्या ४०१(के) चं आता काय होणार?" कलमं सांगून उत्तर देता येतं, पण तिसऱ्या कलमाला समोरचा जांभई देतो हा अनुभव आहे :) म्हणून आज कलमांमागचा इतिहास. तो बराच रंजक आहे. (हा सल्ला नव्हे हं, त्यासाठी आपापला सीए गाठावा.)

तर मंडळी, सीमा ओलांडणाऱ्या पेन्शनचा प्रश्न आपल्याकडे आयटीवाल्यांनी आणलेला नाही. तो साहेबाच्या काळापासून आहे, फक्त तेव्हा पैसा उलट्या दिशेने जायचा. आयसीएसमधला सनदी नोकर पंचवीसेक वर्षं नोकरी करून विलायतेला परतायचा आणि चेल्टनहॅमसारख्या गावात घर घेऊन राहायचा. त्याचं वर्षाला १,००० पौंडांचं पेन्शन भारताच्या तिजोरीतून लंडनमध्ये चुकतं व्हायचं. 'होम चार्जेस' म्हणून जी रक्कम दरवर्षी इंग्लंडला जायची, तिच्यात ही पेन्शनं होती. दादाभाई नौरोजींनी संपत्तीच्या ओघाचा जो हिशेब मांडला, त्यातही त्यांनी या पेन्शनांवर बोट ठेवलं होतं. माणूस इथे कमावतो, म्हातारपणी तिथे खर्च करतो, आणि त्याचा अनुभवही त्याच्याबरोबर जातो, ही त्यांची तक्रार.

आता गंमत बघा. या पेन्शनवर भारताने कर घ्यायचा का? १९३५ च्या गव्हर्नमेंट ऑफ इंडिया अ‍ॅक्टने हा प्रश्न सरळ निकालात काढला. भारताबाहेर कायम राहणाऱ्या अशा निवृत्तांचं पेन्शन भारतातल्या करांतून मुक्त! स्वातंत्र्यानंतर आपल्या १९६१ च्या आयकर कायद्यातही कलम ९ च्या दुसऱ्या पोटकलमात त्याचा धागा राहिला. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३१४ खाली येणारे जुने सनदी अधिकारी आणि १५ ऑगस्ट १९४७ पूर्वी नेमलेले काही न्यायाधीश कायमचे परदेशी राहत असतील, तर तिकडे मिळणारं त्यांचं पेन्शन भारतातलं उत्पन्न मानायचं नाही. अनुच्छेद ३१४ घटनेतून १९७२ सालीच गेला, पण आयकर कायद्यातला त्याचा उल्लेख पुढेही कित्येक वर्षं छापला जात राहिला.

म्हणजे मूठभर माणसांसाठी उत्तर फार लवकर सापडलं होतं. ते का सापडलं हे सांगायला नको. कायदा लिहिणारे आणि पेन्शन घेणारे एकाच गोटातले होते.

सगळ्यांसाठी उत्तर शोधायचा प्रयत्न पहिल्या महायुद्धानंतर सुरू झाला. युद्धाच्या खर्चापायी सगळीकडे करांचे दर चढले होते आणि एकाच कमाईवर दोन देश हात मारत होते. राष्ट्रसंघाने चार अर्थतज्ज्ञांना कामाला लावलं : रॉटरडॅमचे ब्रुइन्स, तुरिनचे आयनाउडी (हे पुढे इटलीचे राष्ट्राध्यक्ष झाले), लंडनचे सर जोसाया स्टॅम्प आणि न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाचे सेलिग्मन. सेलिग्मन हे नाव आपल्याला परकं वाटायला नको. ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे कोलंबियातले गुरू. ब्रिटिश भारतातल्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवरच्या बाबासाहेबांच्या १९२५ च्या ग्रंथाला प्रस्तावना त्यांचीच आहे.

या चौघांचा अहवाल १९२३ साली आला. त्यांनी विचारलेला प्रश्न मला आजही फार आवडतो : माणसाची आर्थिक बांधिलकी कुणाशी आहे? संपत्ती निर्माण कुठे झाली, ती आहे कुठे, तिच्यावरचा हक्क कुठल्या कायद्याने बजावता येतो, आणि मालक राहतो कुठे, असे चार निकष त्यांनी लावले. पुढच्या करारांचं मूळ या विचारात आहे. १९६३ साली ओईसीडीने करारांचा नमुना मसुदा काढला, त्यात नोकरीबद्दलच्या खाजगी पेन्शनवर राहत्या देशानेच कर घ्यावा असं ठरवलं. जिथे दवाखाना, रस्ता, पाणी वापरणार तिथेच कर द्या. पटण्यासारखं आहे.

पण मसुद्याच्या डोळ्यासमोर दर महिन्याला ठरावीक रक्कम घेणारा पेन्शनर होता. पुढे जग बदललं आणि पेन्शनच्या जागी 'खातं' आलं.

खातं म्हटलं की कर घेण्याचे तीन क्षण येतात : पैसे घालताना, पैसे वाढताना आणि पैसे काढताना. आपला पीपीएफ १९६८ च्या कायद्याने आला. त्यात जुन्या करपद्धतीनुसार घालताना वजावट, वाढताना माफी, काढतानाही माफी. अमेरिकेचं ४०१(के) तिथल्या १९७८ च्या कायद्यातल्या एका कलमातून जन्मलं, नावही त्या कलमाचंच. साध्या ४०१(के) मध्ये घालताना आणि वाढताना सूट, पण काढताना पूर्ण कर. प्रत्येक सरकारने आपल्या नागरिकाने म्हातारपणासाठी साठवावं म्हणून ही लाच दिली म्हणा ना! पण शेजारच्या देशाने ती सवलत मानायचं कारण काय? एका देशाची सवलत दुसऱ्या देशात परकी असते. सगळ्या गोंधळाचं मूळ हे एवढंच आहे.

पीपीएफवाल्या फोनचं उत्तर इथेच आलं. अमेरिकेत राहणाऱ्याच्या जगभरच्या कमाईवर तो देश कर घेतो. नागरिक असाल तर कुठेही राहा, सुटका नाही. मेक्सिकोत राहणाऱ्या कुक नावाच्या अमेरिकन नागरिकाने याला आव्हान दिलं होतं आणि १९२४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या विरुद्ध निकाल दिला. त्यामुळे पीपीएफचं किंवा एनआरई ठेवीचं व्याज भारतात माफ असलं तरी तिथे ते साधं व्याजच. भारतातल्या म्युच्युअल फंडांची गत आणखी वाईट. परदेशी फंडांत पैसे दडवणाऱ्या श्रीमंतांसाठी १९८६ साली केलेले कडक नियम नाशिकच्या काकांनी काढून दिलेल्या एसआयपीलाही लागतात. शिवाय परदेशातल्या खात्यांची एकूण शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली तर ती कळवायची. या नियमाचं मूळ १९७० च्या कायद्यात. २०१५ साली भारत आणि अमेरिकेत माहिती देवाणघेवाणीचा करार झाल्यापासून तर बँकाच कळवतात. "कुणाला कळतंय" हे वाक्य आता विसरायचं.

आता परत येणाऱ्यांकडे वळू. भारत आणि अमेरिकेचा दुहेरी कर टाळण्याचा करार १२ सप्टेंबर १९८९ ला झाला. त्यात खाजगी पेन्शनवर राहत्या देशाचा हक्क आणि अमेरिकेच्या सोशल सिक्युरिटीवर अमेरिकेचा, असं स्वच्छ लिहिलंय. पण खात्यात आत वाढणाऱ्या पैशाचं काय, यावर अक्षर नाही. नवल नाही म्हणा, आयटीची मोठी लाट अजून यायची होती. कॅनडाच्या अमेरिकेशी असलेल्या करारात मात्र ही वाढ काढेपर्यंत पुढे ढकलायची सोय झाली, ब्रिटनच्या २००१ च्या करारातही झाली.

आपल्याकडे ती नसल्याने व्हायचं असं. परतलेला माणूस दोन-तीन वर्षं 'साधारण रहिवासी नाही' या गटात असतो, तोवर ठीक. त्यानंतर त्याची जगभरची कमाई भारतात करपात्र. खात्यातल्या वाढीवर भारत दरवर्षी कर मागू शकतो, अमेरिका मागणार पंधरा वर्षांनी पैसे काढताना. अमेरिकन पासपोर्ट असेल तर करारातलं पेन्शनचं कलमही त्याला तिथे पूर्ण वाचवत नाही. एकाच पैशावर दोन कर, पण वेगवेगळ्या साली. आणि एका देशात भरलेल्या कराची वजावट दुसऱ्या देशात मिळायला वर्षं जुळावी लागतात!

हे दुखणं भारताने अधिकृतपणे मान्य केलं ते २०२१ च्या अर्थसंकल्पात. नवं कलम ८९अ आलं : परदेशातल्या निवृत्ती खात्यातलं उत्पन्न तिकडे कर लागेल त्याच वर्षी भारतातही धरायचं. एप्रिल २०२२ मध्ये त्यासाठी अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा हे तीन देश जाहीर झाले. खातं तिथे राहत असताना, म्हणजे अनिवासी असताना उघडलेलं हवं. एकदा पर्याय निवडला की माघार नाही. ऑस्ट्रेलियात सुपरॅन्युएशन साठवून आलेल्यांना मात्र त्या तिघांत जागा मिळाली नाही.

१९८९ ते २०२१, बत्तीस वर्षं! साहेबाच्या पेन्शनला माफी थेट घटनात्मक कायद्यात मिळाली होती. साध्या नोकरदाराला केवळ वर्षं जुळवून मिळण्यासाठी एक पिढी थांबावं लागलं. मधल्या काळात परतलेल्या कित्येकांनी आपापल्या परीने अर्थ लावून रिटर्न भरली आणि मनात धाकधूक ठेवली. म्हाताऱ्या आईवडिलांसाठी परत यायचं की नाही, या निर्णयात हा हिशेबही गुपचूप बसलेला असतो. कुणी तो बोलून दाखवत नाही, कारण आईपुढे डॉलरचा विषय काढणं बरं दिसत नाही.

मला तरी या इतिहासातून एवढंच दिसतं की सीमेपलीकडच्या पुंजीवरचा कर हा न्यायाचा कमी आणि आवाजाचा जास्त प्रश्न आहे. ज्यांचा आवाज पोहोचला त्यांना कलम मिळालं. म्हणून नातेवाईकांनो, जाताना असो की येताना, प्रत्येक खात्याबद्दल दोन्ही देशांना तीन प्रश्न विचारा : घालताना काय, वाढताना काय, काढताना काय? सहा उत्तरं एका कागदावर लिहा आणि तो कागद घेऊन मग सीएकडे जा.

असो. कुणाला कॅनडा किंवा ऑस्ट्रेलियाचा स्वतःचा अनुभव असेल तर जरूर लिहा, मला वाचायला आवडेल.