नर्स प्रॅक्टिशनर (कॅनडातील मूलनिवासी मानसिक आरोग्य व व्यसनोपचार)

पदव्युत्तर शिक्षण घेऊन स्वतंत्रपणे निदान करणारी, तपासण्या सांगणारी व औषधे लिहून देणारी परिचारिका. दुर्गम मूलनिवासी वस्त्यांत डॉक्टर अधूनमधून येतो. तेथे मानसिक आजार व व्यसन यांवरील नियमित उपचाराचा भार बऱ्याचदा तिच्यावर असतो.

या कामाचा वैचारिक पाया न्यूझीलंडचा आहे. माओरी परिचारिका इरिहापेटी रॅम्सडेन यांनी मांडलेली सांस्कृतिक सुरक्षिततेची संकल्पना तेथील परिचर्या परिषदेने १९९२ मध्ये अभ्यासक्रमात आणली. सेवा सुरक्षित होती की नाही, हे रुग्णाने ठरवायचे, हा या संकल्पनेचा गाभा. परक्या चालीरीतींची माहिती पाठ करणे येथे पुरत नाही. परिचारिकेला आधी स्वतःचे पूर्वग्रह आणि हाती असलेली सत्ता तपासावी लागते.

कॅनडात सांस्कृतिक सुरक्षिततेची निकड इतिहासातून आली. मूलनिवासींना त्यांच्या संस्कृतीपासून दूर करण्यासाठी चालवलेल्या निवासी शाळांनी सुमारे दीड लाख मुले कुटुंबांपासून तोडली. पॉटलॅचसारख्या (भेटवाटपाचा सामूहिक सोहळा) विधींवर १९५१ पर्यंत कायद्याने बंदी होती. या आघाताचे परिणाम पुढच्या पिढ्यांतही उतरले. त्यामुळे व्यसनाकडे केवळ व्यक्तीचा दोष म्हणून पाहणे हे अज्ञानच नव्हे, अन्यायही ठरते. आरोग्यसेवेतील पूर्वग्रह अलीकडेही दिसला: २०२० मध्ये क्वेबेकमधील रुग्णालयात आटिकामेक्व जमातीच्या जॉयस एशाक्वान यांनी मृत्यूपूर्वी कर्मचाऱ्यांची अपमानास्पद वक्तव्ये मोबाइलवर प्रक्षेपित केली आणि देश हादरला.

प्रत्यक्ष उपचारात ओपिऑइड व्यसनावरील ब्युप्रेनॉर्फिन-नॅलॉक्सोनसारखी औषधे, अतिमात्रेवर उतारा असलेल्या नॅलॉक्सोनच्या संचांचे वाटप व समुपदेशन असते. रुग्णाची इच्छा असल्यास ज्येष्ठांचे मार्गदर्शन, धूपविधी किंवा पूर्वजांच्या भूमीवरील शिबिरेही या उपचाराला जोडली जातात. ब्रिटिश कोलंबियात २०१३ पासून फर्स्ट नेशन्स हेल्थ ऑथॉरिटी ही मूलनिवासींचीच संस्था अशा सेवांचे नियोजन करते.